फोन सापडला, आता पुढे काय? रोमपासून रेडवूड सिटीपर्यंत

या भागाचा हा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत अर्धं ऐकून अर्धं निसटलं असेल, तर इथे निवांत वाचा.

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. अक्षरशः. ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, तो फोन.

समजा, तुम्ही रिक्षात बसलात आणि सीटच्या फटीत कुणाचा तरी फोन अडकलेला दिसला. चालू आहे, लॉक आहे, कुणाचा ते माहीत नाही. एका सेकंदात डोक्यात चार प्रश्न येऊन जातात. उचलू का? रिक्षावाल्या काकांकडे देऊ का? ते मालकापर्यंत पोचवतील का? आणि मी उचलला आणि उद्या कुणी म्हणालं, "चोर तूच," तर?

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापक तर नाहीच नाही. पण एखादा प्रश्न डोक्यात घुसला की त्याचं मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. या प्रश्नाचं मूळ शोधायला बसलो तेव्हा वाटलं, फार तर तीस वर्षं मागे जावं लागेल. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. त्याआधी हरवायला मोबाइलच कुठे होता?

पण प्रश्न मुळात फोनचा नाहीये. "रस्त्यात सापडलेली वस्तू कुणाची?" हा तो प्रश्न, आणि त्यावर माणसं किमान अठराशे वर्षं डोकं चालवतायत. त्यांची उत्तरं फोनला बऱ्यापैकी लागूही पडतात. फक्त एका ठिकाणी ती सपशेल उलटी होतात. ते ठिकाण कोणतं, हेच आज बघायचंय.

रोममधली पाटी

सुरुवात रोमपासून. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उल्पियन नावाचा एक मोठा कायदेपंडित होता. पुढे ५३३ साली सम्राट जस्टिनियनने जुन्या पंडितांच्या मतांचं संकलन करून घेतलं, त्यात या उल्पियनचं लिखाण भरपूर आहे. सापडलेल्या वस्तूबद्दल त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. दुसऱ्याची पडलेली वस्तू स्वतःच्या फायद्यासाठी उचलली, तर ती चोरी. मालक कोण हे माहीत असो वा नसो, त्याने काही फरक पडत नाही.

म्हणजे "मला काय माहीत कुणाचं आहे!" हा बचाव अठराशे वर्षांपूर्वीच बाद झालेला आहे.

मग प्रामाणिक माणूस ओळखायचा कसा? तर तो पाटी लावतो. अमुक वस्तू सापडली आहे, मालकाने येऊन घेऊन जावी, अशी. पाटी लावणाऱ्याच्या मनात चोरी नव्हती, हे उल्पियन मान्य करतो. आणि पुढे एक मजेशीर मुद्दा येतो. सापडवणाऱ्याने बक्षीस मागितलं तर? उल्पियन म्हणतो, ती चोरी नाही, पण मागणं काही शोभत नाही. कायद्यात बसतं आणि तरी बरं दिसत नाही, अशी एक जागा असते. या पंडिताने ती तेव्हाच दाखवून ठेवली होती.

खूण पटवा आणि घेऊन जा

आता आपल्याकडे या. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हरवलेल्या मालाचे नियम आहेत. हो, तीच मनुस्मृती, जिचं बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये दहन झालं. त्या दहनाचं कारणही याच अध्यायात दिसेल. पण आधी नियम पाहू.

बेवारस सापडलेला माल राजाने तीन वर्षं सांभाळायचा. त्या मुदतीत मालक आला तर त्याला द्यायचा, नाही आला तर राजाचा. पण "माझं आहे" असं म्हणून कुणीही येईल. म्हणून दावा करणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची. वस्तू दिसायला कशी आहे? नग किती? कुठे आणि कधी हरवली? खोटं बोलला तर वस्तूच्या किमतीइतका दंड. आणि राजाच्या ताब्यातला हा माल कुणी चोरलाच, तर त्याला हत्तीकडून मारायची शिक्षा.

यातला खूण पटवायचा भाग मला फार आवडला. आम्ही रोज जे लॉगिन, पासवर्ड, ओटीपी बांधत बसतो, ते मुळात हेच. "तू मालक म्हणतोस ना, मग फक्त मालकालाच माहीत असेल असं काहीतरी सांग."

आता न आवडणारा भाग. जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर विद्वान ब्राह्मणाने ते सगळं ठेवून घ्यावं, बाकीच्यांनी मात्र राजाला हिस्सा द्यावा, असंही तिथेच लिहिलंय. वस्तू तीच, जमीन तीच, पण सापडली कुणाला यावर न्याय बदलतो. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला इथेच परत यायचंय.

धुराडी साफ करणारा पोरगा

याच्या बरोबर उलटी गोष्ट १७२२ सालच्या लंडनमध्ये घडली. धुराडी साफ करणारा एक पोरगा. अंगभर काजळी, समाजात किंमत शून्य. त्याला रत्नं जडवलेला एक दागिना सापडला. किंमत कळावी म्हणून तो पॉल दे लामेरी या नामांकित सोनाराच्या दुकानात गेला. तिथल्या शिकाऊ कामगाराने वजन करायच्या नावाखाली खडे काढून घेतले. मालकाने पोराला दीड पेनी देऊ केली. पोरगा म्हणाला, "नको, माझी वस्तू परत द्या." परत मिळालं ते नुसतं कोंदण.

हा पोरगा कोर्टात गेला. आणि जिंकला! मुख्य न्यायमूर्ती प्रॅट यांनी तत्त्व घालून दिलं की, सापडवणारा त्या वस्तूचा पूर्ण मालक होत नाही. पण खरा मालक सोडून बाकी सगळ्या जगापुढे त्याचा हक्क टिकतो. सोनाराने खडे हजर केले नाहीत, तर त्या कोंदणात बसेल असा उत्तमातला उत्तम खडा होता असं धरून भरपाई ठरवा, असंही त्यांनी ज्युरीला सांगितलं. तीनशे वर्षं झाली, इंग्लंडच्या परंपरेतला कायदा शिकणारी मुलं आजही हा खटला शिकतात.

या निकालात दोन गोष्टी एकत्र आहेत. सापडलेली वस्तू तुमची होत नाही. पण तुम्ही गरीब आहात, मळके आहात, एवढ्यावरून ती तुमच्याकडून कुणी हिसकावूनही घेऊ शकत नाही.

उचललंत, म्हणजे सांभाळणं आलं

हीच इंग्रजी परंपरा भारतात कायद्याच्या पुस्तकात आली. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सांगतं की, दुसऱ्याची वस्तू सापडून ती तुम्ही ताब्यात घेतली, तर तुमची जबाबदारी विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्या माणसासारखी. शेजारच्या काकूंनी गावाला जाताना तुमच्याकडे डबा ठेवला, तर तुम्ही तो जसा सांभाळाल, तसंच.

एक बारकावा बघा. वस्तू दिसली म्हणून ती उचललीच पाहिजे, अशी सक्ती हे कलम करत नाही. पण उचललीत की तुम्ही बांधले गेलात. कलम १६८ सांगतं की, सांभाळायला आणि मालक शोधायला झालेल्या खर्चासाठी तुम्ही मालकावर दावा लावू शकत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरू शकता. आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते मात्र दावा लावूनही मिळवू शकता. उल्पियनचं "शोभत नाही" इथे जरा सैल झालेलं दिसतं.

शिक्षेची बाजू त्याआधीच, १८६० च्या भारतीय दंड विधानात आली होती. कलम ४०३. या कायद्याची खासियत म्हणजे कलमाखाली दिलेली छोटी छोटी उदाहरणं. रस्त्यावर एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. भारी अंगठी सापडली आणि मालक शोधायचा प्रयत्नही न करता लगेच विकली, तर गुन्हा. पाकीट परत द्यायच्या हेतूने उचललं आणि नंतर नियत फिरली, तरीही गुन्हा.

१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम ३१४ आहे, आणि शिक्षा आता किमान सहा महिने ते कमाल दोन वर्षं कैद, शिवाय दंड.

त्या जुन्या उदाहरणांपैकी एकावर मी अडकलो. रस्त्यात एक पत्र सापडतं, आत बँकेची नोट असते. पत्त्यावरून आणि पत्रातल्या मजकुरावरून उचलणाऱ्याला कळतं की नोट कुणाची आहे, आणि तरी तो ती खिशात घालतो. गुन्हा.

परत वाचा. पत्रातल्या मजकुरावरून. म्हणजे उचलणाऱ्याने पत्र वाचलं, हे कायद्याने गृहीतच धरलंय. वाचलं याबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती नोट ठेवून घेतल्याबद्दल. १८६० साली मालक शोधायचा दुसरा मार्ग तरी काय होता? पाकीट उघडा, पत्र वाचा, नाव शोधा. आत डोकावणं हीच मालकाची मदत होती.

आणि इथेच फोन सगळं उलटं करतो.

आत काय आहे?

पाकिटात काय असायचं? पैसे, एखादं ओळखपत्र, देवाचा किंवा घरच्यांचा फोटो. फोनमध्ये काय असतं? दहा वर्षांचे फोटो. आईशी झालेलं भांडण. डॉक्टरांचे रिपोर्ट. बँक. ऑफिसचा मेल. मित्राने विश्वासाने सांगितलेली एखादी गोष्ट, म्हणजे फोनच्या मालकाचंच नव्हे, तर दुसऱ्याचंही गुपित. फोन म्हणजे एक पत्र नव्हे, अख्खं पोस्ट ऑफिस.

हा फरक कोर्टांनाही कळला. २०१४ मध्ये रायली विरुद्ध कॅलिफोर्निया खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की, अटक केलेल्या माणसाच्या खिशातल्या बाकीच्या वस्तू पोलीस तपासू शकतात, पण फोनमधला डेटा बघायचा तर साधारणपणे वॉरंट लागेल. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. हे निकाल सरकारला लगाम घालणारे आहेत, मान्य. पण जिथे पोलिसालाही कागद आणावा लागतो, तिथे रिक्षात फोन सापडला एवढ्यावर मला आत शिरायचा हक्क कुठून मिळणार?

जपानने तर हा फरक थेट कायद्यात लिहून ठेवला. तिथे हरवलेल्या वस्तूंचा कायदा १८९९ पासून होता. तो २००६ मध्ये नव्याने लिहिला आणि २००७ च्या डिसेंबरपासून लागू झाला. सापडलेली वस्तू पोलिसांकडे द्यायची, मालक आला तर किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस, आणि तीन महिन्यांत कुणीच आलं नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची. छत्री असेल तर छत्री, रोकड असेल तर रोकड. पण मोबाइल नाही! ज्या वस्तूत कुणाची खासगी माहिती आहे, ती कितीही दिवस पडून राहिली तरी सापडवणाऱ्याच्या मालकीची होत नाही. फोन आणि छत्री यांच्यातला फरक तिथल्या कायद्याने ओळखला.

रेडवूड सिटीतला बार

फोन सापडल्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मार्च २०१० ची. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीतल्या एका बारमध्ये ॲपलचा एक इंजिनिअर फोन विसरला. दिसायला जुना आयफोन, पण कव्हरच्या आत बाजारात न आलेला आयफोन ४. ज्याला तो सापडला त्याने फोन चाळला, आणि फेसबुकवरून मालकाचं नाव त्याला त्याच रात्री कळलं. सकाळी ॲपलने दुरूनच फोन बंद पाडला. काही आठवड्यांनी 'गिझमोडो' या वेबसाइटने ५,००० डॉलर मोजून तो फोन घेतला आणि १९ एप्रिलला सगळ्या जगाला उघडून दाखवला.

"मी ॲपलला फोन करून बघितला होता," हा सापडवणाऱ्याच्या बाजूचा मुद्दा. पण मालकाचं नाव माहीत होतं, आणि बारच्या काउंटरवर फोन ठेवून येणं तर दहा पावलांचं काम होतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मालक शोधायचा मार्ग हाताशी असताना पुरेसा प्रयत्न न करणं ही चोरीच. तो दंडसंग्रह १८७२ चा, म्हणजे आपल्या करार कायद्याच्याच सालातला. २०११ मध्ये दोन तरुणांनी आरोपाला आव्हान दिलं नाही. प्रत्येकी एक वर्ष प्रोबेशन, ४० तास समाजसेवा आणि ॲपलला २५० डॉलर भरपाई.

ही झाली बदनियतीची गोष्ट. मला जास्त विचारात पाडलं ते चांगल्या नियतीच्या लोकांनी. २०१२ मध्ये सिमँटेक या कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या पाच शहरांत ५० फोन मुद्दाम 'हरवले'. फोन लॉक नव्हते, आणि मालकाचा नंबर आत सहज सापडेल असा होता. कंपनी सुरक्षेचं सॉफ्टवेअर विकणारी, हे ध्यानात ठेवूनच आकडे वाचा. ९६ टक्के फोन उघडले गेले. निम्म्या लोकांनी मालकाशी संपर्क साधला. आणि ७२ टक्के फोनमध्ये फोटोंचं ॲप उघडलं गेलं.

साधी बेरीज करा. ५० पैकी २५ जणांनी मालकाला कळवलं, आणि फोटो ३६ फोनमध्ये पाहिले गेले. म्हणजे किमान ११ फोन असे, जिथे मालकाला कळवलंही गेलं आणि फोटोही चाळून झाले.

या अकरांना काय म्हणायचं? उल्पियन त्यांना चोर म्हणणार नाही. १८६० चं उदाहरणही त्यांना पकडणार नाही. वस्तू तर परत मिळतेय! पण ज्याचा फोन गेला त्याला विचारा. आपला फोन परत हातात आल्यावर पहिला प्रश्न मनात काय येतो? "यांनी काय काय बघितलं असेल?" चोरी न होताही काहीतरी गेलेलं असतं, आणि ते परत करता येत नाही. कायदाही इथे अगदीच गप्प नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल भरपाईची तरतूद करतं. पण बघितलेलं न बघितलेलं करण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. फोन परत केला म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आत न बघता परत करणं. ठेव सांभाळायची जुनी रीत तशीच आहे, फक्त ठेवीचा डबा आता उघडायचा नाही.

"चोर तूच" ची भीती

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. "नसती भानगड कशाला?" असं म्हणून बरेच जण फोन उचलतच नाहीत. ही भीती खोटी नाही. पण ती सगळ्यांना सारखी नाही. माझ्या गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड असेल आणि मी सापडलेला फोन घेऊन गेलो, तर लोक म्हणतील, "काय प्रामाणिक मुलगा!" तोच फोन कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी आणून दिला, तर पहिला प्रश्न असतो, "तुझ्याकडे कसा आला?" वस्तू तीच, पण सापडली कुणाला यावर न्याय बदलतो. आठवतंय ना, हे कुठे वाचलं होतं? १७२२ साली एका न्यायमूर्तींनी धुराडीवाल्या पोराला जो मान दिला, तो आपण एखाद्या रिक्षावाल्याला, सफाई कामगाराला देतो का?

आणि लोक आपण समजतो त्यापेक्षा बरे असतात. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला. भारतासह ४० देश, ३५५ शहरं, १७,००० हून जास्त 'हरवलेली' पाकिटं. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांच्या मालकांना कळवलं गेलं, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या. पैसे होते तर लोक जास्त प्रामाणिक वागले! स्वतःच्या नजरेत चोर ठरणं माणसाला झेपत नाही, हे संशोधकांनी मांडलेलं एक मोठं कारण.

मग फोन सापडला तर नेमकं काय करायचं? जिथे सापडला तिथेच शक्यतो द्या, म्हणजे दुकानाचं काउंटर, बसचा कंडक्टर, स्टेशन मास्तर किंवा आरपीएफ. मालक आधी तिथेच धावत येतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या हरवलेलं सामान परत करायच्या मोहिमेचं नावच 'ऑपरेशन अमानत' आहे. अमानत म्हणजे ठेव, नाव अगदी चपखल. एखाद्याला साक्षीला ठेवून द्या, म्हणजे तुमची काळजीही मिटली. स्वतःकडे ठेवलाच तर बंद करू नका, सिम काढू नका, चार्जिंगला लावा आणि मालकाच्या कॉलची वाट बघा. पिनचे अंदाज मारू नका. मालक समोर आला की उलटतपासणी जुनीच, उत्तर मात्र सोपं: "उघडून दाखवा."

आणि कुणी "सापडलाय, स्वस्तात घे" म्हणत फोन पुढे केला, तर आधी *#०६# डायल करून पंधरा आकडी आयएमईआय बघा आणि 'संचार साथी'वर तपासा. चोरीचे-हरवलेले फोन बंद करायची ही सीईआयआर व्यवस्था २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रातच सुरू झाली होती.

फोन अजून हरवला नाहीये तोवर एक काम तुम्हीही करा. लॉक स्क्रीनवर घरच्या कुणाचा तरी नंबर दिसेल असा ठेवा. सापडवणाऱ्याला आत डोकावायची वेळच येऊ देऊ नका. रोमची पाटी सापडवणारा लावायचा, आपली पाटी आपण आधीच लावून ठेवायची. आणि कुणी फोन आणून दिला, मग तो कुणीही असो, तर "कुठे मिळाला?" च्या आधी "थँक्यू" म्हणा.

चला, आता हे वाचून झालं की तो नंबर टाकाच. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात भेटू!